क्रँक मोटरच्या रोड सायकलला गिअर निवडताना: साडेतीन महिन्यांच्या नोंदी

सायकल जुनी रोड सायकल आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, ६८ मिमीचा आट्याचा बॉटम ब्रॅकेट, मागे १३५ मिमीचा हब, केबलचे डिस्क ब्रेक, ७००×२८ टायर. मूळ गिअर पुढे ५०-३४, म्हणजे पायडलजवळ ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या (चेनरिंग), आणि मागे १० चकत्यांची ११-२८ कॅसेट (चाकावरचा चकत्यांचा जुडगा, लहान चकतीला ११ दाते, मोठीला २८). तिच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या जागी, क्रँकला (पायडलच्या दांड्यांना) जोर देणारी २५० वॅटची मोटर बसवली, डाउन ट्यूबवर ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी. मोटरची मदत २५ किमी वेगाला थांबते. सायकल, मी आणि पाठीवरची पिशवी मिळून वजन ९५ किलो.

मोटर बसवण्याबद्दल लिहिलेलं पुष्कळ सापडतं. गिअरचं काय करायचं, हे मात्र मला ठोकरा खात शिकावं लागलं. म्हणून या नोंदी फक्त गिअरच्या.

६ जानेवारी

मोटर बसली. क्रँकच्या मोटरला पुढे सहसा एकच चेनरिंग बसते, त्यामुळे पुढचा डिरेल्युर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग), त्याची केबल आणि दोन्ही चेनरिंग निघाल्या. मोटरबरोबर आलेली ४४ दात्यांची चेनरिंग लावली. मागची ११-२८ कॅसेट, १०-स्पीड डिरेल्युर आणि शिफ्टर (हँडलवरची गिअरची खटकी) तसेच ठेवले.

३४ ची चेनरिंग गेली म्हणजे चढाचा सगळ्यात हलका गिअर गेला, हे दिसत होतं. मोटर आहे, ती ओढेल, असं धरून पुढे गेलो. पुढच्या तीन महिन्यांतल्या बहुतेक कामाचं मूळ या एका वाक्यात आहे.

९ जानेवारी

नेहमीची ३१ किमीची फेरी. तिच्यात ३.८ किमीचा एक चढ आहे, सरासरी ७ टक्के. एका वळणावर तो ११ टक्क्यांवर जातो. सपाटीवर सायकल सुंदर पळाली. वळणावर वेग ९ किमीवर आला आणि पाय जवळपास थांबल्यासारखे फिरू लागले. मोटरचा सूर बदलला. आधी बारीक घूं होता, तो खालच्या पट्टीत घरघरायला लागला. वर पोचल्यावर मोटरच्या आवरणाला हात लावला तर दोन सेकंदही ठेववेना.

घरी आकडे मांडले. २८ च्या टायरचा घेर सुमारे २.१३ मीटर. ४४ वर २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे १.५७ फेरे. ताशी ९ किमीला पाय मिनिटाला ४५ फेरे मारतात. त्या वळणावर सायकल वर न्यायला सुमारे २७० वॅट लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त मोटर देत होती, आणि तेही इतक्या मंद फेऱ्यांत. क्रँकची मोटर पायांच्याच फेऱ्यांशी बांधलेली असते. फेरे पडले की तीच ताकद तिला जास्त करंट ओढून द्यावी लागते आणि जास्तीचा करंट उष्णता होऊन जातो. म्हणजे गिअर आता पायांपेक्षाही मोटरला जास्त हवा होता. मी उलट समजून बसलो होतो.

१४ आणि १५ जानेवारी

गिअर बदलण्याआधी दुसरंच दुखणं निघालं. सगळ्यात मोठ्या चकतीवर असताना पायडल अर्धा फेरा मागे फिरवलं की चेन खालच्या चकतीवर उतरते. चढावर सतत खर्र आवाज.

चेनलाइन, म्हणजे सायकलच्या मध्यरेषेपासून चेनरिंगचं अंतर, मोजली. सीट ट्यूबच्या बाहेरच्या कडेपासून चेनरिंगच्या दात्यापर्यंत पट्टी धरली: ३७ मिमी. त्यात ट्यूबच्या जाडीचा अर्धा भाग मिळवला, माझी ट्यूब २८.६ ची, म्हणून १४.३. एकूण ५१.३. मागे कॅसेटचा मध्य ४५ च्या आसपास. सहा मिमी फरक ऐकायला फार वाटत नाही, पण रोड सायकलचा मागचा दांडा (क्रँकपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचा) आखूड असतो, माझा ४१५ मिमी. तेवढ्या लांबीत चेनला तिरकं वळायला जागाच कमी.

मोटरच्या गिअरपेटीला वळसा घालून आतल्या बाजूला वाटीसारखी खोल गेलेली ४२ दात्यांची चेनरिंग घेतली. याहून फार लहान चेनरिंग या पेटीवरून आत येऊ शकत नाही, ती बाहेरच राहते; त्यामुळे ‘३४ लावून टाकू’ हा सोपा उपाय इथे नाही. नवीन चेनलाइन ४६.५. चेनरिंगचे दाते आणि मागचा दांडा यांच्यात ३ मिमी फट उरली. कागदाची चारपदरी घडी घालून ती फिरवून पाहिली, कुठे घासत नाही.

दोन दिवस यात गेले. यानंतर कोणाची सायकल बघायला गेलो तर आधी पट्टी लावणार आणि मग कॅसेटबद्दल बोलणार.

१९ ते २३ जानेवारी

आता मागे मोठी कॅसेट हवी. माझा रोडचा डिरेल्युर २८ च्या पुढे जाणारा नव्हता. डोंगरी सायकलचा १०-स्पीड डिरेल्युर ३६ सहज घेतो. माझा शिफ्टर १०-स्पीड, डिरेल्युर १०-स्पीड, कॅसेट १०-स्पीड. तिन्हीवर १०, दोन्ही सुटे भाग शिमानोचेच. मागवून टाकले.

पहिल्या संध्याकाळी बसवला आणि केबल ताणली. पहिली क्लिक जेमतेम. दुसऱ्या क्लिकला चेन दोन चकत्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळली. तीन क्लिक केल्यावर चेन दोनच चकत्या चढली. केबल सैल केली, घट्ट केली, हाउसिंग (केबलवरची नळी) बदलली, हँगर (डिरेल्युर लटकतो तो फ्रेमचा तुकडा) वाकला असेल म्हणून तो सरळ करून आणला. चार संध्याकाळी गेल्या.

चूक जुळणीत होती. शिफ्टर एका क्लिकला केबल किती खेचतो आणि डिरेल्युर त्या केबलवर किती सरकतो, हे दोन आकडे जुळावे लागतात. माझा जुना रोड शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.३ मिमी केबल खेचतो. रोडचा जुना १०-स्पीड डिरेल्युर त्याच्या १.७ पट सरकतो, म्हणजे जवळपास ३.९ मिमी, आणि १०-स्पीड कॅसेटमध्ये दोन चकत्यांमधलं अंतर तेवढंच असतं. डोंगरी १०-स्पीडचा गुणाकार १.२ चा आहे. तेवढ्याच केबलवर तो २.८ मिमीच जातो. स्क्रू कितीही फिरवला तरी ही तूट भरून निघणार नव्हती.

पुढे असं करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. शिमानोच्या ९-स्पीडमध्ये रोड आणि डोंगरी दोन्हींचं गणित १.७ चंच आहे, तिथे अदलाबदल चालते. १०-स्पीडला रोड आणि डोंगरीची फारकत झाली. त्यातही शिमानोचाच रोडचा संच टियाग्रा ४७०० हा १०-स्पीड असूनही रोडच्या ११-स्पीडच्या हिशेबाने चालतो, म्हणजे जुन्या १०-स्पीड रोडशीही जुळत नाही. पाकिटावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

डिरेल्युरच्या स्क्रूवर पान्याचे ओरखडे उठले होते, तो परत गेला नाही. कॅसेटचं पाकीट फोडलं नव्हतं, ती परत घेतली गेली.

२७ जानेवारी

या वेळी काही मागवण्याआधी तीन दिवस फक्त कागदावर काम केलं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण निवड खरी इथेच होते.

पहिला प्रश्न, हलका गिअर किती हलका? वळणावर ९ किमीला पाय निदान ६० फेरे फिरायला हवेत, म्हणजे मोटर घरघरणार नाही. चेनरिंग ४२ ठरलेलीच. ४२ वर ३६ केलं तर बरोबर ६० येतात. ३४ केलं तर ५७. ४२ केलं तर ७०. म्हणजे ३६ ला काम भागतं आणि ४२ ला ऐसपैस भागतं.

दुसरा प्रश्न, जड गिअर किती जड? इथे मी बराच वेळ अडलो. रोड सायकलवाल्याला ११ ची चकती सोडवत नाही. पण हिशेब बघा. मोटर २५ किमीला थांबते. मला ८० फेऱ्यांवर पाय ठेवायला आवडतात. ८० फेऱ्यांना २५ किमी यायला ४२ वर साधारण १७ ची चकती लागते. माझा बहुतेक वेळ १५ ते २० च्या चकत्यांवर जाणार. ४२ वर १२ केलं तरी ८० फेऱ्यांना जवळपास ३६ किमी मिळतात, आणि तेवढा वेग मी फक्त उतारावर गाठतो. ११ ची चकती बिनकामाची.

तिसरा प्रश्न चकत्या किती हा. ८ पासून १२-स्पीडपर्यंत वर जाताना चेन बाहेरून बारीक होत जाते: ८ ची सुमारे ७.१ मिमी, ९ ची ६.६, १० ची ५.९, ११ ची ५.५, १२ ची ५.३ च्या आसपास. आतली रुंदी ९ च्या पुढे सारखीच असते, म्हणजे ही कपात होते ती पत्र्याच्या जाडीत आणि पिनच्या टोकांत. पायांनी चालवणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मोटरच्या चेनला मला थोडी जाडी हवी होती. शिवाय मोटर असताना दोन गिअरमधला फरक थोडा मोठा असला तरी चालतो, फेऱ्यांतली उणीव मोटर भरून काढते. १२ बारीक पायऱ्यांची गरज मुळात पायांना असते.

मग पर्याय मांडले.

मायक्रोशिफ्टचा ॲडव्हेंट: ९-स्पीड, ११-४२ कॅसेट, डिरेल्युरला क्लच (चेन लोंबू न देणारा), आणि ड्रॉप हँडलचे, म्हणजे रोडच्या खाली वाकलेल्या हँडलचे, ब्रेक आणि शिफ्टर एकत्र असलेले लिव्हरही आहेत. कागदावर माझ्यासाठी हा सगळ्यात नेमका. पण त्याचं केबलचं गणित त्याचं स्वतःचं, म्हणजे लिव्हरपासून डिरेल्युरपर्यंत सगळं एकदम घ्यावं लागतं. त्याचा मोठा भाऊ ॲडव्हेंट एक्स, १०-स्पीड, ४८ पर्यंत जातो. मला ४८ ची गरज नव्हती.

शिमानोचं लिंकग्लाइड, २०२१ पासूनचं. चकत्यांचे दाते जाड आणि उंच, टिकण्यावर भर. २०२३ च्या क्यूज मालिकेत तेच आहे. ई-सायकलसाठी मला ही दिशा सगळ्यात योग्य वाटते, आणि नवी सायकल बांधत असतो तर हेच घेतलं असतं. अडचण अशी की लिंकग्लाइडची कॅसेट शिमानोच्याच जुन्या हायपरग्लाइड पद्धतीच्या शिफ्टरशी मिसळता येत नाही, सगळी जोडी बदलायची. डिरेल्युर एकदा फुकट घालवल्यावर तेवढी ऐपत उरली नव्हती.

स्रॅमचा ईएक्स१, २०१६ चा, खास मोटरच्या डोंगरी सायकलींसाठी केलेला: ८ चकत्या, ११-४८, आणि शिफ्टर एका वेळी एकच गिअर टाकू देतो. ड्रॉप हँडलला त्याचा लिव्हर नाही, म्हणून बाद. पण ‘एका वेळी एकच’ ही गोष्ट मी वहीत अधोरेखित करून ठेवली. तिचा उपयोग पुढे झाला.

हबच्या आतले गिअर: शिमानोच्या अल्फिने ८ ची व्याप्ती (सगळ्यात जड गिअर हलक्याच्या किती पट) ३०७ टक्के, रोहलॉफच्या १४ गिअरची ५२६. चेन सरळ राहते, चेनला गिअरचा झटका बसत नाही. पण चाक नव्याने विणायचं, मागे वजन वाढणार, आणि ड्रॉप हँडलवर शिफ्टरची खटपट वेगळी. चेनऐवजी बेल्टचा विचार केला तर फ्रेमचा मागचा त्रिकोण कुठेतरी उघडता यावा लागतो. माझा उघडत नाही.

ठरलं ते असं: शिमानोचा ९-स्पीड सोरा लिव्हर उजवीकडे, ९-स्पीड अलिव्हिओ डिरेल्युर (३६ पर्यंत घेतो), १२-३६ कॅसेट, ९-स्पीड चेन. डावा लिव्हर फक्त ब्रेकपुरता. व्याप्ती बरोबर ३०० टक्के.

३ फेब्रुवारी

कॅसेट काढायला बसलो आणि ती निघेना. कुलूपकडी (कॅसेट आवळून धरणारी कडी) सुटली, वरच्या तीन चकत्या आल्या, खालच्या सुट्या चकत्या हलल्याच नाहीत. दोन चेन-पट्टे (चकती धरून फिरवायचं हत्यार) घेऊन एक एक चकती उलटी ठोकत काढली. दीड तास. शेवटची चकती हातात आली तेव्हा कारण दिसलं: फ्रीहबची बॉडी (हबचा कॅसेट बसते तो भाग) ॲल्युमिनियमची, आणि तिच्या कण्यांवर (चकत्या धरणाऱ्या उंचवट्यांवर) प्रत्येक चकतीने एकेक खाच पाडलेली. सगळ्यात खोल खाच जवळपास नखाएवढी. बोट फिरवलं की पायऱ्या लागतात. मोटर लावून महिना झाला नव्हता.

पातळ सुटी चकती आणि मऊ ॲल्युमिनियम यांच्यात मोटरचा जोर आला की हेच होणार. माझ्या हबला स्टीलची बॉडी मिळते, ती मागवली. कॅसेटही अशी घेतली की जिच्या मोठ्या चकत्या एकमेकींना रिव्हेटने जोडलेल्या आहेत, म्हणजे जोर एका चकतीच्या कण्यावर न येता वाटला जातो. बॉडी यायला सहा दिवस.

१० फेब्रुवारी

सगळं बसवलं. दोन गोष्टी नोंदवतो.

जुन्या १०-स्पीड रोड कॅसेटमागे १ मिमीची एक पातळ कडी होती. ती तशीच राहिली. कुलूपकडी दोन आटे धरून थांबली आणि मला वाटलं घट्ट झाली. हाताने कॅसेट हलवली तर टकटक. कडी काढली, पुन्हा ४० न्यूटन-मीटरला आवळली.

चेनची लांबी: डिरेल्युर वगळून चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर आणि चेनरिंगवर गुंडाळली, जिथे टोकं भेटतात तिथून दोन अर्ध्या कड्या (अर्धी कडी म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत) जास्त ठेवल्या. नंतर डिरेल्युरचा बी-स्क्रू फिरवून त्याची वरची जॉकी चकती (चेन जिच्यावरून जाते ते छोटं चाक) ३६ च्या दात्यांपासून ५-६ मिमी लांब ठेवली.

स्टँडवर गिअर पहिल्या प्रयत्नात पडले. नऊच्या नऊ. जानेवारीतल्या त्या चार संध्याकाळींनंतर ही टकटक ऐकताना फार बरं वाटलं. मी ती उगाच दहा-बारा वेळा वरखाली केली.

१२ फेब्रुवारी

पहिला चढ. वळणावर ३६ वर ९ ते १० किमी, पाय ६० च्या पुढे, मोटरचा सूर बारीक राहिला. वर पोचल्यावर आवरणावर तळहात ठेवून उभा राहिलो. गरम होतं, पण हात उचलावा लागला नाही.

गिअर टाकताना मात्र कडाक्कन आवाज येतो. विशेषतः २४ वरून २८ वर जाताना.

१८ फेब्रुवारी

चेन तुटली. वळणाच्या अलीकडे २८ वरून ३२ टाकला, कडाक, आणि पाय रिकामे फिरले. चेन रस्त्यावर सापासारखी पडली होती. धाकटा भाऊ मागून येत होता. दोघं मिळून सायकल दोन किमी ढकलत वर नेली.

घरी तुटलेली कडी भिंगाखाली पाहिली. बाहेरचा पत्रा पिनवरून सोलून निघालेला, पिनचं टोक एका बाजूला घासलेलं. ती कडी मीच जोडली होती. चेन आखूड करताना पिन पूर्ण बाहेर न काढता अर्धी ढकलून पुन्हा तीच परत दाबली होती. हल्लीच्या चेनच्या पिनची टोकं कारखान्यात पसरवलेली असतात. एकदा पत्र्यातून ढकलली की ती पकड गेली. जोडायला क्विक-लिंकच (पिन न ठोकता जुळणारी जोडकडी) हवी होती. पाच मिनिटं वाचवायला गेलो आणि चेन गेली.

पण सगळा दोष पिनचा नव्हता. भाऊ म्हणाला, “दादा, तू गिअर टाकतोस तेव्हा पाय हलके करतोस ते मला मागून दिसतं. पण मोटर ओढतच असते. आवाज ऐक ना तू.”

संध्याकाळी सपाटीवर फक्त ऐकत गेलो. खरं होतं. पाय थांबवल्यावरही मोटर क्षणभर ओढते. पायाचा जोर प्रत्येक फेऱ्यात दोनदा जवळपास शून्यावर येतो, क्रँक उभी असताना, आणि चेन बहुधा त्या फटीत चकती बदलते. आयुष्यभर सायकल चालवून ते पायांत इतकं मुरलेलं असतं की कळतही नाही. पायाचा सगळ्यात मोठा जोर मोटरपेक्षा जास्तही असू शकतो: सत्तर किलोचा माणूस १७० मिमीच्या क्रँकवर उभा राहिला तर ११७ न्यूटन-मीटर, आणि माझ्या मोटरवर ८० लिहिलंय. फरक असा की मोटर मध्ये श्वास घेत नाही. ती फट तिच्याकडे नाहीच.

इतके दिवस मी किती दात्यांची कॅसेट हवी एवढंच विचारत होतो. ही फट कुठून आणायची, हे विचारलंच नव्हतं.

२१ ते २४ फेब्रुवारी

गिअर सेन्सर घेतला. काड्यापेटीपेक्षा छोटी डबी, तिच्यातून गिअरची केबल जाते; आत एक बारीक चाक केबलवर टेकलेलं असतं. केबल हलली की ते फिरतं आणि डबी मोटरला क्षणभर थांबवते. माझ्या मोटरला त्यासाठीचा प्लग आधीच होता, वायर शोधायला वेळ लागला नाही.

जागा चुकली. वायर आखूड पडू नये म्हणून डबी हँडलजवळ, हाउसिंगच्या बाकात बसवली. परिणाम असा की हँडल थोडं वळवलं की बाकातली हाउसिंग हलते, केबल मिलिमीटरभर सरकते आणि मोटर थांबते. चौकात वळताना मदत जाते. दोन दिवस मी वायर ढिली आहे असं समजून कनेक्टर उघडत बसलो. शेवटी स्टँडवर सायकल ठेवून नुसतं हँडल फिरवलं, तेव्हा डबीवरचा दिवा लुकलुकताना दिसला.

डबी डाउन ट्यूबच्या खालच्या टोकाला, जिथे केबल सरळ जाते तिथे हलवली. दोन्ही बाजूंच्या हाउसिंगची टोकं काटकोनात कापून घासून घेतली. तिरकं टोक डबीत नीट बसत नाही आणि केबल जड होते. आता हँडल कितीही फिरवा, दिवा शांत.

त्याच बैठकीत दोन्ही ब्रेकच्या केबलवर मोटर तोडणारे सेन्सरही बसवले. रोडच्या लिव्हरमध्ये ते आतून नसतात, केबलवर वेगळे लावावे लागतात. हे खरं तर पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं.

२६ फेब्रुवारी

नवी चेन, क्विक-लिंक, सेन्सर. वळण. गिअर टाकला, मोटरचा सूर मध्येच तुटला, टक्, आणि पुन्हा सुरू. कडाक नाही.

पण सेन्सरवर सगळं सोडून चालत नाही. सोऱ्याचा मोठा लिव्हर एका दाबात दोन-तीन चकत्या ओलांडू शकतो, आणि मोटर तेवढा वेळ थांबत नाही; तिसऱ्या चकतीपर्यंत चेन पोचायच्या आत जोर परत येतो. इथे ईएक्स१ ची ती अधोरेखित ओळ आठवली. चढावर एका वेळी एकच क्लिक, पाय अर्धा फेरा हलके, मग पुढची. आणि चढ लागायच्या आधी दोन गिअर खाली. पहिला आठवडा हे आठवून करावं लागलं, आता हात आपोआप करतो.

१५ मार्च

नव्या चेनवर ५९० किमी. काढून खिळ्याला टांगली, ४० अर्ध्या कड्या मोजून दोन पिनांमध्ये पट्टी धरली. नवी असताना ५०८ मिमी असते. आज ५०९ च्या जरा पुढे. ५१०.५ झाली की अर्धा टक्का ताणली, तेव्हा बदलायची असं ठरवलं आहे. मोटर नसताना मी पाऊण टक्क्यापर्यंत थांबायचो. आता थांबत नाही; कॅसेट महाग, चेन स्वस्त.

कॅसेटवर १६ आणि १८ च्या चकत्यांचे दाते चकाकायला लागले आहेत, १२ आणि १४ वर अजून काळा रंग आहे. जानेवारीतला १७ चा हिशेब धातूवर उमटलेला दिसतो.

२ एप्रिल

एका मित्राच्या मागच्या हबमध्ये मोटर आहे. दिवसभर सायकली बदलून चालवल्या. त्याचे गिअर साधेच, ११-२८, आणि बदलताना काहीही विचार करावा लागत नाही. साहजिक आहे: त्याची मोटर चाक थेट फिरवते, चेनवर फक्त पाय येतात. त्याला सेन्सर नको, स्टीलची बॉडी नको, जाड चेन नको. सपाटी आणि बेताचे चढ असतील तर गिअरसाठी एवढा खटाटोप करायची गरजच नाही, हे मोकळेपणाने लिहून ठेवतो.

वळणावर मात्र चित्र पालटलं. हबच्या मोटरला बदलता येणारे गिअर नाहीत. चाक मंदावलं की तीही मंदावते. ९ किमीला ती कण्हत होती आणि ११-२८ वर मला उभं राहून पायडल मारावं लागलं. त्याने कॅसेट ११-३४ केली तर पायांचं दुखणं कमी होईल, मोटरचं होणार नाही. माझ्या सायकलवर एक गिअर खाली टाकला की दोघांचंही कमी होतं.

१९ एप्रिल

१,१२० किमीला चेन ५१०.५ वर आली. आज बदलली. जुन्या कॅसेटवर नवी चेन कधी कधी दाते सोडून उडते, म्हणून मुद्दाम १८ वर ठेवून वळणाच्या खालच्या भागात पूर्ण मदत लावून जोर दिला. उडाली नाही. १६ वरही नाही.

एक गोष्ट अजून खटकते. १८ आणि २१ यांच्यामधली उडी. समोरून वारा असला की १८ जड आणि २१ हलका, १९-२० ची चकती हवीशी वाटते. ९-स्पीडमध्ये ३६ पर्यंत जायचं तर ही किंमत द्यावी लागते. मदत एक पायरी वाढवून भागवतो.

१०-स्पीडचा डोंगरी डिरेल्युर अजून डब्यात पडून आहे. भावाच्या जुन्या डोंगरी सायकलचा शिफ्टर १०-स्पीड डोंगरीच आहे, आधी खात्री करून घेतली. येत्या रविवारी तिथे बसवणार.